मॅडमचा थेंब

सुनेची नोकरी कायम व्हायची की नाही, हे त्या दुपारी तेलाच्या एका थेंबावर येऊन ठेपलं होतं. निवड समितीपुढे थेंब हवेत स्थिर धरून दाखवायचा. समितीत बाहेरचे एक परीक्षक आणि विभागप्रमुख म्हणून खुद्द सासूबाई. सासू वशिला लावेल अशी शंका कुणालाही आली नव्हती. कॉलेजात सूनही त्यांना मॅडमच म्हणे; आई फक्त घरी.

मॅडमचा थेंब कॉलेजचं भूषण होता. पाहुणे आले की त्या ठेवणीतला सूक्ष्मदर्शक काढत, धातूच्या दोन चकत्यांमध्ये तेल फवारत आणि बटण फिरवून विजेचा जोर वाढवत. वजन थेंबाला खाली ओढणार, वीज वर. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की थेंब अधांतरी. पाहुण्यांचा चहा संपला तरी मॅडमचा थेंब तसूभर हलत नसे. सुनेचे थेंब मात्र सदा चुळबुळत. म्हणून आज तिने मॅडमचाच सूक्ष्मदर्शक मागून घेतला होता.

"वीज तेवढी बंद करू नकोस," मॅडमनी बजावलं होतं. "हातातला थेंब जातो."

तिने फवारलं, बटण फिरवलं. एक थेंब शहाण्यासारखा उभा राहिला. परीक्षकांनी डोळा लावला, मान डोलावली.

"छान. आता वीज बंद करा, पडताना बघू."

तिने खटका पाडला. परीक्षक बघतच राहिले. चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"पडत नाहीये हो."

तिने पाहिलं. बाकीचे थेंब भराभर निघून चालले होते आणि हा जागच्या जागी, रुसलेल्या जावयासारखा ठाण मांडून. बोलावं तर सासूबाईंची आजवरची अब्रू, न बोलावं तर आपली नोकरी. तिने डोळ्याकडची नळी तेवढी हळूच फिरवली. नळीबरोबर थेंबही गोल फिरला.

थेंब नव्हताच. नळीच्या आतल्या काचेवरचा डाग होता.

परीक्षकांनी स्वतः नळी फिरवून पाहिली आणि मटकन खुर्चीत बसले. मॅडम उठल्या. वीज चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली. डोळा काही काढेनात. इतके पाहुणे, इतके चहा.

शेवटी बाजूला झाल्या. "खरा धर," एवढंच म्हणाल्या.

सुनेने काच पुसली, फवारलं. एक थेंब पकडला, पडू दिला, पुन्हा पकडला. मॅडम वाकल्या.

"हा फार हलतोय गं."

"खरा आहे ना, आई," ती म्हणाली आणि जीभ चावली.

परीक्षकांनी तिला होकाराची खूण केली. मॅडमना ती खूण दिसली नाही. त्या अजून बघत होत्या.