कालमेतचा चेहरा

बेटांची राजधानी असलेल्या व्हिलातल्या फिल्मसंग्रहात एक कुलूपबंद खोली आहे. तिथल्या टेपा ज्या घराच्या, त्या घरानंच उघडायच्या. ती खोली सांभाळणारे कालोरिसकाका आतून टेप घेऊन आले तेव्हा लेइसाऊ खुर्चीत ऐटीत गोल फिरत होती. तोआराची नात होती ना ती, तिला कोण अडवणार!

दहावीच्या इतिहासासाठी ती गावावर फिल्म करत होती आणि शनिवारी, स्वातंत्र्यदिनी, ती अख्ख्या गावाला दाखवायची होती. शेवटही ठरलेला होता. स्वातंत्र्याच्या वेळी तिचे बुबू, म्हणजे आजोबा तोआरा, एका पक्षात होते आणि त्यांचा थोरला भाऊ कालमेत दुसऱ्या. मग सभाघरात दोघांनी एका करवंटीतून काव्हा, म्हणजे मुळं कुटून केलेलं सलोख्याचं पेय, घेतला आणि भांडण मिटलं. बुबू दरवर्षी हेच सांगत. कालमेत पुढे सांतो बेटावर गेला, तिथंच वारला. त्याची नात सेलिना यंदा पहिल्यांदाच गावी येणार होती.

टेप सुरू झाली. आवाज नव्हता. पाठमोऱ्या कालमेतनं दोन्ही हातांनी करवंटी पुढे केली. तरुण बुबूंनी ती घेतली.

"सापडलं, काका!"

"बघ की पुढं."

बुबूंनी करवंटी भावाच्या पायाशी उपडी केली आणि निघून गेले.

लेइसाऊची खुर्ची थांबली. "ही टेप कुलपात कुणी ठेवायला लावली?"

"डब्यावरची चिठ्ठी वाच. तुझ्या बुबूंनीच."

"मग जाळून का नाही टाकली?"

"मी खोली सांभाळतो, पोरी. माणसांच्या मनातलं मला काय ठाऊक."

कापणं सोपं होतं. करवंटी हातात आली की चित्र थांबवायचं. चौदा सेकंद, अगदी झकास. दुपारी गावात नीरफणसाखाली चटईवर बसलेल्या बुबूंपुढे तिनं लॅपटॉप ठेवला.

बुबूंनी पाहिलं. "पुढचं कुठंय?"

"एवढं पुरे आहे ना, बुबू. लोकांना खरं वाटेल."

"खरं वाटेल," ते हसले, पण हसू ओठांपर्यंतच आलं. "चाळीस वर्षं मीही हेच म्हणत आलो. पुढचं लाव."

तिनं लावलं. काव्हा सांडला, बुबू चौकटीतून गेले आणि मग कालमेत वळला. एवढा वेळ पाठमोरा असलेला माणूस आता थेट कॅमेऱ्याकडे बघत होता. रुंद कपाळ, अर्धवट उघडं तोंड. कुणीतरी हाक मारेल म्हणून थांबल्यासारखा.

"त्याचा फोटो नाही कुणाकडं," बुबू म्हणाले. "सगळे वादळात गेले. टेप जाळायची म्हणून तीनदा गेलो होतो मी त्या खोलीपर्यंत. चेहरा तेवढाच आहे, नि तोही मी पाठ फिरवल्यानंतरचा."

लेइसाऊनं कालमेतच्या चेहऱ्यावर चित्र थांबवलं.

फोन वाजला. सेलिनाचा निरोप होता: 'तुझ्या फिल्ममध्ये आजोबा दिसतात का गं कुठं? आई सारखी विचारतेय.'

"काय लिहू, बुबू?"

बुबूंनी चटई उचलली आणि पलीकडे, लॅपटॉपचा पडदा दिसणार नाही अशा जागी नेऊन टाकली. "मला आत्ता पुन्हा बघवणार नाही. पण शनिवारी मी सेलिनाशेजारी बसेन. लिही, दिसतात."

तिनं लिहिलं. मग कापलेला तुकडा पुन्हा जोडला, सांडलेल्या काव्ह्यासकट. बुबू तिकडं तोंड करून बसले होते, अगदी कालमेतसारखे, पाठमोरे.