आगोगोची ताटली

हत्तींनी आमचा मका फस्त केला, तेव्हा पंचनाम्याला कुणी फिरकलं नाही. योतामने, माझ्या नवऱ्याने, एक हरीण मारलं, तेव्हा मात्र वनखात्याची गाडी आली.

महिनाभर आम्ही रानकंद उकडून खात होतो. नदीपलीकडच्या लॉजवरचे पाहुणे हत्ती बघून टाळ्या पिटतात म्हणे. पिटा! योतामने जुना टायर जाळून आतली तार काढली, रानात फास लावला आणि हरीण आणलं. आमची पाच वर्षांची लेक, ताडाला, चुलीपासून हलेना.

आमच्यात मटण शिजलं की शेजारी द्यावंच लागतं. एकट्याने खाणाऱ्या घराला लोक चेटकिणीचं घर म्हणतात. आणि शेजारी होती आगोगो, सगळ्या गावाची आजी. तिचा मुलगा लामेक वनरक्षक, महिन्यातून एकदा घरी येणारा.

"तिला नको देऊस," योताम म्हणाला.

"का? वास काय कुंपणाला अडतो? म्हातारी उपाशी आहे. लामेकला यायला पंधरा दिवस आहेत, तोवर काय उरणारे?"

"तुझ्यापुढं कोण बोलणार बाई!" तो हसला. म्हातारीला दात नाहीत म्हणून मऊ तुकडे त्यानेच निवडले; मी ते ताटलीत घालून नेऊन दिले.

आगोगोने एकच तुकडा खाल्ला. बाकीचे चुलीच्या धुरावर सुकवले, लेकासाठी. आईच ती.

लामेक आला तेव्हा तिने ते कौतुकाने पुढ्यात ठेवले. "खा रे, योतामनं पाठवलंय."

थोड्या वेळाने लामेक आमच्या दारात उभा होता, मान खाली घालून. योताम आणि तो एकाच नदीत पोहायला शिकलेले.

"वहिनी, मी गप्प बसलो तर नोकरी जाईल. माझ्या पगारावर अकरा तोंडं आहेत."

"आणि योतामवर?"

तो तसाच मागे वळला. गाडी दुपारी आली.

योतामला पाच वर्षांची कैद झाली. माझ्याच हाताने मी त्याला घालवला, हे मला कोण विसरू देणार?

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आगोगो माझी ताटली घेऊन आली. ताटली रिकामी परत करत नाहीत. तिने पेरणीसाठी राखलेले भुईमुगाचे दाणे त्यात घातले होते.

"मला ठाऊक नव्हतं गं पोरी," ती रडत म्हणाली.

ताटली तिच्या तोंडावर फेकावी असं वाटलं. मी ती घेतली.

ताडालाने चार दाणे खाल्ले. मग हात आवरला आणि उरलेले फडक्यात बांधले.

"हे बाबांना," ती म्हणाली. "आले की देऊ."