प्रतिवादीचा पत्ता

अर्जबाईंचं टेबल पोलीस ठाणं आणि कोर्ट यांच्या बरोबर मधे होतं. इकडे ठाण्याच्या पायऱ्या, तिकडे कोर्टाचं फाटक, मधे जेमतेम एक रस्ता. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली त्या, त्यांचा कॉम्प्युटर आणि दर चौथ्या कागदाला अडून बसणारा प्रिंटर. एकोणीस वर्षं त्या लोकांचे अर्ज टाइप करत होत्या. लोक रडत यायचे आणि त्या म्हणायच्या, "रडणं नंतर. आधी तारीख सांगा." बाई फटकळ, पण कागद चोख, असं दोन्ही बाजूंना त्यांचं नाव होतं.

आणि आता त्यांच्याच लेकीवर पाळी आली होती.

लेक शाळेत मुलांना पोहायला शिकवायची. कोणा हलकटानं तिचं नाव, तिचा फोटो लावून इंटरनेटवर खोटं खातं उघडलं आणि मुलांच्या बापांना नको नको ते मेसेज पाठवले. एका बापानं ते नेऊन मुख्याध्यापिकेला दाखवले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आमचा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे," आणि त्याच दमात तिला घरी बसवलं. शुक्रवारपर्यंत पोलिसांत तक्रार नोंदवल्याचा नंबर आण, नाहीतर राजीनामा आण. विश्वास म्हणे! असला विश्वास चुलीत घाला.

सोमवारी लेक एकटीच ठाण्यात गेली. "तू येऊ नकोस, तू आलीस की भांडतेस," असं तिनं आईला बजावलं होतं. हवालदारानं तिला दीड तास बाकावर बसवलं, फोटो पाहायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ पाहिला आणि म्हणाला, "ही बदनामी झाली. दिवाणी प्रकरण. समोर कोर्ट आहे, तिकडे जा."

ती समोर गेली. कोर्टाच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "लावू की दावा. प्रतिवादीचं नाव, पत्ता?"

"तेच तर माहीत नाही. कोण आहे ते शोधायचंय."

"मग दावा कोणावर लावू, इंटरनेटवर?" आपल्याच विनोदावर तो पोट धरून हसला. "शोधायचं काम पोलिसांचं. त्यांच्याकडे जा."

मंगळवारी पुन्हा तेच. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पत्ता शोधू शकतात ते म्हणतात आमचं काम नाही, आणि ज्यांचं काम आहे म्हणतात त्यांना आधी पत्ता लागतो. पोरगी त्या चिमूटभर रस्त्यावर हेलपाटे घालत राहिली आणि तो हलकट कुठेतरी पाय पसरून बसला होता. बुधवारी हवालदारानं एकदाचं लेखी उत्तर दिलं.

दुपारी लेक घरी आली तेव्हा अर्जबाई जेवायला म्हणून घरी येऊन भांडी घासत होत्या. लेक दारातच उभी राहून वाचायला लागली. "ऐक काय लिहिलंय. 'सदर प्रकरण प्रथमदर्शनी दिवाणी स्वरूपाचे दिसून येत असल्याने...'"

"'...अर्जदारास सक्षम न्यायालयात दाद मागण्याची पूर्ण मुभा आहे,'" अर्जबाई पातेल्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "'तरी या ठाण्याकडून पुढील कार्यवाहीची अपेक्षा ठेवू नये.'"

तोंडातून निघून गेलं. नळ तसाच वाहत राहिला.

लेकीनं कागदाकडे पाहिलं, मग आईकडे. "शब्दन् शब्द बरोबर आहे. तुला कसं माहीत?"

खोटं बोलता आलं असतं. पण अर्जबाईंना खोटं टाइप करायची सवय होती, बोलायची नव्हती.

आठ वर्षांपूर्वी आधीचा हवालदार त्यांच्या टेबलाशी आला होता. "बाई, हल्ली रोज कोणी ना कोणी इंटरनेटचं रडगाणं घेऊन येतं. एक नमुना करून द्या ना. नाही म्हणायचं, पण नाही म्हटल्यासारखं वाटायला नको." त्यांनी बसल्या बसल्या करून दिला. ती 'पूर्ण मुभा' त्यांची स्वतःची. हवालदार खूश झाला होता आणि खरं सांगायचं तर त्याही झाल्या होत्या. पुढे तेच पत्र हातात घेऊन लोक त्यांच्याच टेबलाशी दाव्याचा कागद करायला यायचे. त्या करून द्यायच्या. पत्त्याची जागा रिकामी आहे, कारकून कागद परत पाठवणार, हे माहीत असून करून द्यायच्या.

लेकीनं सगळं उभ्यानंच ऐकलं. "किती जणींना मिळालं असेल गं हे पत्र?"

"मी काही मोजलं नाही."

"मोजायचं होतंस," लेक म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

अर्जबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या हवालदारावर चिडल्या, कारकुनाच्या सात पिढ्या काढून झाल्या, मुख्याध्यापिकेला मनातल्या मनात तिच्याच तलावात बुडवून झालं. पण शिव्यांची रांग पुढे सरकता सरकता शेवटी त्यांच्यापाशीच येऊन थांबली. "मेल्ये," त्या स्वतःलाच म्हणाल्या, "तुझी अक्कल काय शेण खायला गेली होती?"

गुरुवारी सकाळी छपराखाली बसून त्यांनी अर्ध्या तासात लेकीच्या नावानं एक दावा टाइप केला, तिला बोलावून सही घेतली आणि कोर्टाच्या खिडकीतून आत सरकवला. कारकून वाचत गेला तशा त्याच्या भुवया वर चढत गेल्या.

"अर्जबाई, डोकं ठिकाणावर आहे ना? प्रतिवादी म्हणून चक्क ठाण्याचे साहेब?"

"काम असून केलं नाही म्हणून माझ्या लेकीचं नुकसान होतंय. सोबत त्यांचं लेखी पत्र जोडलंय. न्यायालयात जायची पूर्ण मुभा त्यांनीच दिलीय."

"अहो, पण..."

"नाव आहे?"

"आहे."

"पत्ता?"

कारकुनानं खिडकीतून समोर पाहिलं. पत्ता समोरच होता. "आहे," तो म्हणाला.

"मग मारा शिक्का. का इंटरनेटवर लावताय?"

त्यानं शिक्का मारला. या वेळी हसला नाही.

शिक्क्याची प्रत घेऊन त्या लेकीसह थेट साहेबांच्या टेबलाशी गेल्या. हवालदार "बाई, बाई" करत मागून धावला, त्याला त्यांनी एका नजरेनं जागच्या जागी थांबवलं. साहेबांनी प्रत दोनदा वाचली.

"हे काय आहे?"

"दिवाणी आहे," अर्जबाई म्हणाल्या. "तुम्हाला आवडतं ना दिवाणी? आता तुम्हीच न्यायाधीशांसमोर उभे राहा आणि सांगा, दुसऱ्याचं नाव चोरून बायकांची अब्रू काढणारा माणूस हा पोलिसांचा विषय का नाही. मीपण ऐकायला येईन."

साहेब आधी तापले, मग नरमले, मग हवालदारावर खेकसले. वीस मिनिटांत तक्रार नोंदली गेली आणि नंबर हातात आला. "आता तो दावा तेवढा मागे घ्या," साहेब म्हणाले. "विचार करते. तोवर तो हलकट शोधा," अर्जबाई म्हणाल्या.

बाहेर पायरीवर लेकीनं तो तक्रारीचा कागद पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचला. आईनं आणलेला कागद तिनं आजवर कधी असा तपासला नव्हता. मग घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"मी शाळेत जाते," ती म्हणाली. दोन पायऱ्या उतरून थांबली. "माझं झालं, आई. बाकीच्यांचं काय?"

उत्तराला न थांबता ती निघून गेली. अर्जबाई आपल्या टेबलाकडे वळल्या.

छपराखाली एक बाई ताटकळत उभी होती. डोळे सुजलेले, हातात तेच पत्र. अर्जबाईंनी ते घेतलं. वाचायची गरज नव्हती. बाईनं बोलायला तोंड उघडलं आणि तिला रडूच फुटलं.

"रडा," अर्जबाई म्हणाल्या. "तारीख मग सांगा."

बाई बराच वेळ रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "पण माणूस कोण ते ठाऊकच नाही हो मला. कोर्टात म्हणतात, पत्ता लागेल."

अर्जबाईंनी प्रिंटरमध्ये कोरा कागद सरकवला.

"बसा. प्रतिवादीचा पत्ता मला पाठ आहे."