माझ्या एका ‘आहे’मुळे

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, आमच्याकडे वर्षातून दोनदाच होतो. त्याच्या आदल्या रविवारी प्रत्येकाने सभागृहामागच्या छोट्या खोलीत जाऊन बिशपना सांगायचं असतं, की माझ्या मनात मंडळीतल्या कुणाबद्दल काही नाही. एकानेही ‘आहे’ म्हटलं, तर सगळ्यांचंच प्रभुभोजन पुढे जातं. एकशेचाळीस माणसांचं. आम्ही जुन्या वळणाचे मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती, शिस्तीचे! चाळीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. रांग भराभर सरकायची आणि बाराला आम्ही जेवायला मोकळे.

या वसंतात मी म्हटलं.

कारण सांगायला लाज वाटते. दर गुरुवारी आम्ही बायका मिळून गोधडी शिवतो. मार्चमध्ये एकदा मी लवकर पोचले आणि पाहते तर माझ्या कोपऱ्यातले टाके उसवून कुणीतरी नव्याने घातलेले. इतके बारीक टाके आमच्यात एकटी लोविना घालते. तीस वर्षांपासूनची शेजारीण! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलले मात्र काहीच नाही. गुरुवारी जाणं बंद केलं. रस्त्यात तिची घोडागाडी दिसली की मी दुसरीकडे तोंड फिरवायची.

त्या रविवारी ‘काही नाही’ म्हणायचं ठरवूनच मी खोलीत गेले होते. माझी आई त्र्याण्णव वर्षांची, हृदय थकलेलं. ती हा उन्हाळा काही पार करत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे हे प्रभुभोजन बहुधा तिचं शेवटचं. पण बिशप एनोसनी विचारलं, “सेलिना, मनात काही?” आणि माझ्या तोंडून खोटं निघेना. मी सांगून टाकलं, लोविनाला माफ करायला मन तयार नाही.

घरी जाताना मी आईला विचारलं, “माझ्यामुळे तुझं राहूनच गेलं तर?”

“तर राहील,” आई म्हणाली आणि घर येईपर्यंत शेतांकडे बघत बसली. मला रडू आवरेना.

पण मंगळवारी भलतंच झालं. मंडळीतले गिंगरिच बंधू बिशपकडे गेले. म्हणाले, “आम्हीही खोटंच बोललो. बांधावरून दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाही.” बुधवारी शाळेतल्या बाई गेल्या. शनिवारपर्यंत अकरा जण झाले. दुकानात मला बिशप भेटले, डोळे खोल गेलेले.

“तुझ्या कृपेने रोज गार जेवतोय मी,” ते म्हणाले. “पण येऊ देत. अजून कुणी असेल तर तेही येऊ देत.”

अकरा जण मोकळे झाले आणि सुरुवात करणारी मी जागची हलले नव्हते! शेवटी लाजेकाजेस्तव लोविनाकडे गेले. ती अंगणात कपडे वाळत घालत होती.

“माझे टाके तू उसवलेस?”

“उसवले. चार वर्षं उसवतेय.”

“चार वर्षं!”

“तुला दिसत नाही गं, सेलिना. सुई भलतीकडेच जाते. बाकीच्यांना कळलं असतं तर तुला उठवून चहा करायला पाठवलं असतं.”

“मग मला सांगायचंस ना!”

“तू कधी कुणाचं ऐकलंयस?”

मी बादलीतली ओली चादर उचलली, दुसरं टोक तिने धरलं. पिळता पिळता दोघी रडलो. “तोंडावर सांगायला हवं होतं, चुकलं माझं,” ती म्हणाली. मी म्हणाले, “विचारायला तरी मी कुठे आले?”

तीन आठवड्यांनी पुन्हा रांग लागली. या वेळी आत गेलेला माणूस लवकर बाहेर येईना. एक वाजला, दोन वाजले. पोरं भुकेने किरकिरायला लागली. तरी कुणी घाई केली नाही.

आई सगळ्यांत शेवटी काठी टेकत आत गेली. बाहेर आली तेव्हा मागोमाग आलेल्या बिशपचा चेहरा उतरलेला होता. ती बाकांमधून थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुझे बाबा गेल्यावर तू माझी गाय विकलीस. मला न विचारता.”

बाकांवरच्या सगळ्यांनी माना वळवल्या.

“आठ वर्षं मी त्या खोलीत खोटं बोलतेय,” आई म्हणाली. “मागच्या वेळीसुद्धा. तू खरं बोलून आलीस, आणि मी तुझी आई!”

मी उठून तिचे हात धरले. गाईचं तिच्या मनात असेल, हे मला कधी सुचलंही नव्हतं. “चुकलं माझं, आई. तुझी होती ती. मी विचारायला हवं होतं.”

“हवं होतं.” ती माझ्या शेजारी बसली आणि दाराकडे वळून म्हणाली, “एनोस, आता विचार.”

बिशपनी दारातूनच विचारलं, “मनात काही?”

“आता नाही,” आई म्हणाली.