उरलेल्या आठ गोळ्या

"आधीच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"घेतल्या की," आई म्हणाली. अंगावर दोन ब्लँकेटं, तरी दात वाजत होते.

बाबा पलंगाच्या पायाशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते सलाइनकडे बघत होते.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात. जुन्या मशीनचा स्क्रूसुद्धा कधी फेकत नाहीत. सगळं डब्यात. कधी ना कधी लागतंच, म्हणतात. महिन्यापूर्वी आईला लघवीचं इन्फेक्शन झालं, तेव्हा सात दिवसांच्या चौदा गोळ्या मिळाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली. "झाले की बरी," आई म्हणाली, "आता उगाच कशाला पोटात ढकलू?" उरलेल्या आठ बाबांनी जपून ठेवल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांची दाढ ठणकली, तेव्हा त्याच गिळल्या. मी हसलो होतो. "बाबा, दाढ आहे ती, मशीन नाही." एवढंच. थांबवलं नाही.

आता इन्फेक्शन किडनीत गेलं होतं, तिथून रक्तात. चार दिवस अंगात ताप होता, आईनं कुणाला कळू दिलं नाही.

"डॉक्टर," बाबा एकदम बोलले, "तिनं सहाच घेतल्या. आठ मी खाल्ल्या. दाढेसाठी."

"अहो, तुम्हाला कुणी विचारलं?" आई चिडली. "माझं दुखणं, मी सांगतेय ना!"

"गप गं जरा."

डॉक्टर रागावले नाहीत. लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलंत. जास्त जोराचं औषध चालू केलंय. रक्त, लघवी तपासायला पाठवलीय. कुठलं औषध लागू पडतं ते कळेल. पण दोन-तीन दिवस लागतील."

आई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. शेवटचं नीट बोलली ते तेच, बाबांवर चिडून.

रिपोर्ट त्यानंतर आला. आम्ही कागद न्यायला गेलो तेव्हा सिस्टरनी तो बाकीच्या फायलीत लावून दिला. बाबा हललेच नाहीत.

"सिस्टर, ते आधीचं औषध. ते हिला लागू पडत होतं का?"

सिस्टरनी फाइल उघडली. औषधांच्या यादीवरून बोट खाली नेलं. मग वर बघितलं.

"हो बाबा. लागू पडत होतं."

बाबांनी मान हलवली.

"इथं सही करा."

बाबांनी सही केली. नात्याच्या रकान्यात सावकाश, सुटं सुटं लिहिलं, 'नवरा'. मग पेनला टोपण लावलं आणि सिस्टरना परत दिलं.