माणसाळलेला बोका

कोल्हारच्या शिवारात, प्रवरेच्या अंगाला, उसाच्या पोटात चार-पाच घरांची एक वस्ती आहे. तिथं मालनबाईंच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. नवरा होता तोवर त्याच्यावर, तो गेल्यावर मुलावर आणि मुलाचं लग्न झाल्यावर सुनेवर, असा त्यांच्या जिभेचा पट्टा तीस-पस्तीस वर्षं अखंड चालू होता. अशा बाईनं साठीच्या पुढं एका भटक्या बोक्याला जीव लावला, यात नवल काही नाही. खाष्ट माणसाला माया करायला मुकं जनावर बरं पडतं. ते उलटून बोलत नाही.

बोका राखाडी पट्ट्यांचा, एका कानाचा तुकडा गेलेला, गोबरगॅसच्या टाकीमागं राहायचा. उंदीर, सरडे आणि लोकांच्या घरचं दूध यांवर त्याचा संसार चालला होता. माणसाची सावली पडली की हा उसात गडप. मग दिवाळीनंतर बिबट्यानं मालनबाईंचा कुत्रा, मोत्या, थेट ओसरीवरून उचलला. सकाळी खांबाला साखळी तेवढी राहिली होती. त्या दिवशी मालनबाईंनी ठरवलं, कुत्रा गेला तो गेला, बोका जाऊ द्यायचा नाही. त्याला घरात घ्यायचं.

"आई, ते रानातलं मांजर हाय, घरात कशाला ऱ्हातंय?" मुलगा भागवत म्हणाला. तो बाभळेश्वरला बी-बियाण्याच्या दुकानात कामाला होता आणि घरात त्याचं मत कुणी विचारत नसे.

"तुझा बापबी रानातलाच हुता," मालनबाई म्हणाल्या.

सुक्या बोंबलाच्या वासावर बोका धान्याच्या खोलीत आला आणि मालनबाईंनी दार लावलं. पुढचे आठ दिवस वस्तीनं जे ऐकलं ते ऐकलं. बोका दारावर उड्या मारायचा, नखांनी पत्रा ओरबाडायचा आणि असा काही ओरडायचा की, वस्तीवरची पोरं दचकून उठायची. बियाण्याच्या पोत्यांवर मुतला. मालनबाईंच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत रेघा उठल्या. पण बाई चिवट. सुनेशी एक मिनिट दम न धरणारी ही बाई बोक्याकडे पाठ करून तासन् तास खोलीत बसायची, त्याच्याकडे बघायची नाही, नुसती बोलत राहायची. नवऱ्याच्या आजारपणाचं, नणंदेच्या लबाडीचं, गुडघ्याच्या दुखण्याचं. घरात दुसरं कुणी ऐकत नव्हतंच. फुटक्या घमेल्यात नदीची वाळू ठेवली. नखं घासायला मेढीला गोणपाट गुंडाळलं. खिडकीला जाळी ठोकली. जेवणाच्या वेळेला ताटली दोनदा वाजवायची आणि मगच खाली ठेवायची, म्हणजे त्या आवाजाची त्याला सवय लागेल, हेही त्यांचंच डोकं.

महिन्याभरात बोका खाटेखाली आला, मग खाटेवर, मग पायाशी. पहिल्यांदा तो पायाशी वेटोळं करून झोपला तेव्हा मालनबाई पहाटेपर्यंत कूस न बदलता पडून राहिल्या. गुडघा ठणकत होता, तरी. हे खरं सुख होतं आणि ते खोटं ठरवायचा आपल्याला अधिकार नाही. नवरा गेल्यापासून त्यांच्या अंगाला कुणाचं उबदार अंग लागलं नव्हतं.

मात्र माया मालनबाईंची आणि घमेलं पूजाचं. वाळू बदलायची, पोती धुवायची, दुपारी मालनबाई आडव्या झाल्या की ताटली वाजवून भात-दूध ठेवायचं, हे सगळं सुनेकडे. पूजा बी.एस्सी. झालेली होती. लग्नाच्या आधी राहात्यात एका शाळेत शिकवायची, स्कूटीवर जायची. लग्नानंतर मालनबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आमच्या घरातल्या बाया नोकरीला जात नाहीत. स्कूटी गोठ्यात गेली आणि तिच्या सीटवर कोंबड्या बसायला लागल्या. पूजा सुरुवातीला रडली, भांडली, एकदा माहेरी निघूनही गेली. भागवत तिला परत घेऊन आला. आता ती काही बोलत नसे. खालमानेनं काम करायची आणि त्यामुळे वस्तीवर तिचं चांगलं नाव झालं होतं.

एकदा शेजारच्या बाया बोका बघायला आल्या. मांडीवर घुरघुरणारा तो दांडगा प्राणी बघून त्यांनी तोंडात बोटं घातली. मालनबाईंना चेव चढला.

"त्याचं काय हाय," त्या म्हणाल्या, "आधी दार लावायचं. मग उपाशी ठिवायचं. मग आपल्या हातानं घास द्यायचा. बोका असू दे न्हाई तर सून असू दे, म्हैन्यात पायाशी येतीया."

बाया हसल्या. पूजा तिथंच बसून तांदूळ निवडत होती. तिनंही मान वर न करता थोडं हसल्यासारखं केलं.

माघाच्या सुरुवातीला बिबट्या पुन्हा आला. सकाळी शाळेला निघालेल्या पोरांना तो मालनबाईंच्याच बांधावर बसलेला दिसला. पोरं दप्तरं टाकून पळाली. फॉरेस्टवाल्यांनी पिंजरा आणला आणि बांधावर लावला. पिंजऱ्याच्या मागच्या अंगाला जाळीचा वेगळा कप्पा असतो, सावज त्यात ठेवायचं. बिबट्याला ते दिसतं, ऐकू येतं, पण मिळत नाही. सावज मात्र वस्तीनं द्यायचं.

मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, तशी गत झाली. पहिल्या दिवशी वर्गणी काढून कोंबडी ठेवली. सकाळी पिंजरा जसाच्या तसा, कोंबडी गायब, आणि आप्पासाहेबांच्या घरातून रश्श्याचा वास. आप्पासाहेब वस्तीतले मोठे, पंचायतीचे माजी सदस्य, त्यांना विचारणार कोण? दुसऱ्या कोंबडीचंही तेच झालं. तेव्हा आप्पासाहेबच बैठकीत म्हणाले, "कोंबडीनं काय हुत न्हाई. शेळी पायजे. पिंजरा भागवताच्या बांधावर हाय, शेळ्या त्याच्या घरी दोन हायेत. त्यानं द्यावी." सगळ्यांनी माना हलवल्या. दुसऱ्याची शेळी द्यायला कुणाची ना नसते. भागवतही मान हलवून आला.

घरी त्यानं ते सांगितलं आणि मालनबाई भाकरीवरून उठल्या.

"गाभण शेळी वाघाच्या तोंडी देतोस व्हय रं? शेळी जाते जिवानिशी आन् खाणारा म्हणतो वातड! माझ्या मढ्यावरनं न्या शेळी!"

"आई, तिला काय हुत न्हाई, मधी जाळी असती. सकाळी परत आणू. आन् पोरं जातात त्या वाटंनं. उद्याच्याला एखाद्याचं काय झालं मंजी?"

"भेदरून गाभ टाकला मंजी? आप्पासायब देनार हाय का करडं? न्हाई मंजी न्हाई."

पूजा तव्यावर भाकरी टाकत होती. ती उलटून तिनं शांतपणे विचारलं, "मग बोका?"

मालनबाई हसल्या, चांगल्या मोठ्यानं हसल्या. "बोका! अगं, हात लावून बघ त्याला. डोळं काढून हातात दील. माझ्याबिगर कुनाला हाताशी येऊ देतोय का त्यो?"

"तेही खरंच," पूजा म्हणाली आणि भाकरी चुलीशी उभी केली.

मालनबाईंनी तो विषय तिथंच सोडला, आणि चुकल्या त्या इथं. बोका आपला आहे याची त्यांना इतकी खात्री होती की, महिनाभर दुपारची ताटली कोण वाजवतंय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मालनबाई दर मंगळवारी दिवेलागणीला गावात देवीच्या आरतीला जात. परत आल्यावर त्यांनी बोक्याला हाका मारल्या. तो दिसला नाही.

"बसला असेल पोत्यांआड," पूजा म्हणाली. "दुपारी जड जेवलाय."

गुडघ्याच्या गोळीनं मालनबाईंचा लगेच डोळा लागला.

सकाळी बांधावरच्या गलक्यानं त्या जाग्या झाल्या. पायाशी हात फिरवला, पांघरुणाची घडी थंड होती. ओसरीवर आल्या तर बाया-पोरं पळत निघालेली. बिबट्या सापडला होता. मालनबाईही निघाल्या. अजून त्यांना काही माहीत नव्हतं, उलट बरंच वाटत होतं. आता बोक्याला अंगणात ऊन खायला सोडता येईल, असंही त्यांच्या मनात आलं.

पिंजऱ्याभोवती शे-दीडशे माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. आत मादी होती, गजांवर धडका देऊन तोंड रक्तबंबाळ करून घेतलेली. माणसं फुंकर घातल्यासारखा आवाज काढून तिला आणखी चिडवत होती. मालनबाई गर्दीतून वाट काढत मागच्या बाजूला गेल्या, शेळी कुणाची दिली ते बघायला. जाळीच्या कप्प्यात शेळी नव्हती. कोपऱ्यात त्यांचा बोका पडला होता. चारी पाय ताठ, तोंड उघडं, शेपटी फुललेली तशीच. शेजारी भात-दुधाची ताटली.

फॉरेस्टच्या माणसानं कप्पा उघडून त्याला बाहेर काढलं, उलटंपालटं करून पाहिलं. "जखम काहीच नाही," तो म्हणाला. "भीतीनं गेलं. रात्रभर ती पलीकडून धडका देत असणार."

मालनबाईंच्या तोंडून आवाज निघायच्या आत भागवतनं त्यांचा दंड धरला. "आई, लोक बघायलेत. घरी चल."

घरी आल्यावर मात्र त्यांनी पूजाच्या झिंज्या धरल्या. "कुनी धरला? कसा धरला माझा बोका? गोणपाट टाकलंस का त्याच्यावर? काठीनं मारलंस?"

पूजानं त्यांचा हात आपल्या केसांतून सोडवला. चिडली नाही, घाईही केली नाही.

"धरायला लागलाच नाही, आत्या. ह्यांनी गोणपाट आणलं होतं, हातमोजे घातले होते. मी म्हटलं, कशाला? मी ताटली घेऊन पुढं चालले, तो माझ्या पायात पायात करत बांधापर्यंत आला. पिंजऱ्यात ताटली ठेवून दोनदा वाजवली. आपणहून आत गेला. कप्प्याचं दार लावलं तरी त्यानं मान वर केली नाही. जेवत होता." ती थांबली. "टाकीमागचा असता तर हाताला लागला असता का? तुम्ही चांगला घरात बसवलात."

"काशीला सोन्याचं मांजर दिलंस तरी हे पाप फिटायचं न्हाई!"

"शेळी वाचली ना पण," पूजा म्हणाली आणि घमेल्यातली वाळू उकिरड्यावर टाकायला गेली. मालनबाईंनी मुलाकडे बघितलं. भागवत मोबाईलवर आलेले बिबट्याचे फोटो बघत होता.

त्यांना बोकाही मिळाला नाही. पुरायचा म्हणून त्या परत बांधावर गेल्या, तोवर पोरांनी त्याला शेपटीला धरून फिरवत उसात कुठंतरी भिरकावून दिला होता.

चौथ्या दिवशी मारुतीच्या पारावर कार्यक्रम ठेवला. आप्पासाहेबांनी माईक हातात घेतला. कुणी शेळी देईना, कुणी कोंबडी देईना, अशा वेळी एका माऊलीनं पोटच्या लेकरासारखं जपलेलं मांजर पोरांच्या जिवासाठी दिलं, असं ते बोलले आणि बोलता बोलता त्यांचे डोळे खरोखर भरून आले. मालनबाईंना पारावर बोलावलं. खोटं ऐकून त्यांची जीभ वळवळत होती. 'मी दिलं न्हाई, मला न विचारता नेलं', एवढं एक वाक्य ओठांवर आलं होतं. पण ते बोललं की पोराची सगळ्या गावापुढं नाचक्की, सुनेनं घरात कसा डाव साधला त्याची चर्चा, आणि गाभण शेळी पोटाशी धरून बसलेली म्हातारी म्हणून आपलं नाव.

"बोला की मालनबाई, दोन शब्द," आप्पासाहेब म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शब्द सापडेना. समोर बायांत पूजा बसली होती. तिनं हळूच मान हलवून, लेकराला धीर द्यावा तसं, बोला म्हणून खुणावलं.

"दिलं," मालनबाई म्हणाल्या. "पोरांपुढं मांजराचं काय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पासाहेबांनी शाल घातली, हातात नारळ दिला. शाल एका खांद्यावरून घसरत होती. पूजा उठून पारावर आली, तिनं ती दोन्ही खांद्यांवर नीट बसवली, पदर सारखा केला आणि बाजूला सरली.

"आजी, हसा की जरा," फोटो काढणारा पोरगा म्हणाला.

मालनबाई हसल्या. फोटो त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर गेला. कर्जतहून त्यांच्या भाच्याचा मुद्दाम फोन आला, आत्या, फोटोत तुमी लई समाधानी दिसता म्हणून.