पाणथरीजवळची रेघ

सोनोग्राफीच्या जेलची बाटली डॉक्टर अपूर्वानं ऊब यावी म्हणून मुठीत घट्ट धरून ठेवली होती. गार जेल पडलं की माणूस पोट आवळून घेतो आणि मग आतलं नीट दिसत नाही — आणि आज नीट दिसायलाच हवं होतं, कारण पलंगावरचा भैरू हसत होता. सकाळी गोठ्यात खोंडानं डाव्या बरगडीखाली ढुशी दिलेली, त्याला तीन तास झालेले, आणि हा गडी मोटरसायकलवर मागं बसून पौडला आलेला. दुखतंय म्हणत नव्हता, नुसता लाजत होता.

"ताई, ह्ये बायकांचं मशीन हाय. आमच्या मंडळींच्या टायमाला लावलं हुतं. मला कशापायी?"

त्याच्या बायकोनं पदर तोंडाशी नेला.

"पोट पुरुषांनाही असतं," असं म्हणून अपूर्वानं मशीनचा प्रोब त्याच्या पोटावर टेकवला.

उजवीकडं काही नाही. ओटीपोटात काही नाही. डावीकडं... श्वास घे, सोड... फुप्फुस मध्ये येत होतं, आणि एकदा ते वर सरकलं तेव्हा पाणथरीच्या, म्हणजे प्लीहेच्या, कडेला एक काळी रेघ दिसली. पुन्हा श्वास, पुन्हा तीच रेघ. रक्त. शंका यावी म्हणून ती क्षणभर थांबलीसुद्धा, पण शंका आली नाही. पुण्यात दोन वर्षं अपघात विभागात हेच तर केलं होतं, अशा किती रेघा पाहिल्या होत्या... आपल्याला हे येतं, आणि येतं तर येतं, त्यात उगाच विनय कशाला!

तेवढ्यात बंडोपंत सर आले. दवाखाना त्यांचा, तीस वर्षांचा. हे मशीनही त्यांनीच गेल्या साली, दोन हजार सहात, तिच्या हट्टापायी घेतलेलं. त्यांनी भैरूच्या पोटावर हात ठेवला, चारी बाजूंनी दाबून पाहिलं.

"पोट लोण्यासारखं मऊ आहे. नाडी जरा जलद आहे, पण ती भीतीनं. संध्याकाळपर्यंत इथंच ठेवू."

सरांच्या हाताला गुण आहे, असं सगळी मुळशी म्हणते — आणि अपूर्वा नऊ वर्षांची असताना आई रडत होती, वडील ओव्याचं पाणी पाजत होते, तेव्हा याच हातानं एका दाबात तिचं अपेंडिक्स ओळखलं होतं... त्या दिवशी तिनं ठरवलं होतं, आपणही डॉक्टर व्हायचं. त्याच हाताला आता पेशंटसमोर नाही म्हणायचं.

"सर, आत रक्त आहे. पुण्याला पाठवूया."

"कुठंय?"

तिनं बोट ठेवलं. सर चष्मा वर चढवून वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"ही सावली आहे."

"सावली नाही, सर."

भैरूची बायको एकदा हिच्याकडं, एकदा त्यांच्याकडं पाहत होती.

"मला यातलं काही कळत नाही, अपूर्वा," सर हळू आवाजात म्हणाले. "तुला दिसतंय ना?"

"हो."

"मग चिठ्ठी लिही. सर्जनला मी फोन करतो."

पुण्याला न्यायच्या गाडीत चढताना भैरूच्या बायकोनं विचारलं, "ह्ये तर बसून बोलत्यात. लई वंगाळ हाय का?"

"वेळेत पोचाल," अपूर्वा म्हणाली. तेही तिनं खात्रीनंच सांगितलं.

गाडी पिरंगुटच्या बाजूला गेली. सर पुढचा पेशंट पाहायला वळले. भूगाव, चांदणी चौक, मग शहरातली गर्दी... सर्जनचा फोन यायला दीड तास तरी लागणार. रेघ खरी होती. खरीच असणार, असायलाच हवी — आणि इथं ती अडखळली. असायलाच हवी? म्हणजे मी फोनची वाट पाहत मनातल्या मनात काय म्हणतेय? रक्त निघू दे. सरांनी स्वतःला काही दिसत नसताना माझा शब्द मानला, तो खरा ठरावा म्हणून त्या माणसाच्या पोटात रक्त निघू दे. नसू दे, असं म्हणून पाहिलं. दोनदा म्हटलं. ओठ हलले, मन काही वळेना. रेघेबद्दल ती अजूनही तितकीच ठाम होती, पण स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.